सोयाबीन शेतात आलं, ताटात कधी येणार?

सिझनला सकाळी व्हॉट्सॲप उघडलं की पहिले मेसेज सोयाबीनचं तेल काढणाऱ्या प्लांटच्या रेटचे असतात. लातूर एवढे, धुळे एवढे, नांदेड एवढे, आणि खाली अट, हवा (म्हणजे ओलावा) १० टक्के, माती २, डागी दाणे २. रेट का पडला म्हणून आडतीवर विचारा, उत्तरं ठरलेली आहेत, अर्जेंटिनात पाऊस चांगला झाला, मलेशियाचं पामतेल उतरलं, शिकागोचा वायदेबाजार पडला, पोल्ट्रीवाल्यांची डिमांड नाही, पेंडेला बाहेरून गिऱ्हाईक नाही. लोकांनी सोयाबीन खाल्लं म्हणून रेट वाढला, हे उत्तर आजवर एकाही आडत्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. तूरडाळ वीस रुपयांनी चढली की शहरात बोंब होते, सरकार हलतं, साठा मर्यादा लागते. सोयाबीन क्विंटलला दहा हजारावरून साडेचार हजारावर आलं तरी पुण्या-मुंबईच्या एकाही किचनमधे कुणाला कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे पीक आपण पन्नास वर्षं पिकवतोय, देशात सव्वा कोटी हेक्टरच्या आसपास पेरतोय, त्यातलं पन्नास लाख हेक्टर एकट्या महाराष्ट्रात, आणि तरी ते माणसाच्या खाण्यात आणायचा मनापासून प्रयत्न सरकारनं केलेला नाही, आणि जोपर्यंत ते होत नाही तोपर्यंत हमीभाव वाढवा, खरेदी केंद्रं वाढवा, ड्युटी वाढवा ही सगळी आंदोलनं आपण दरवर्षी नव्यानं करत बसणार. आंदोलनं चुकीची नाहीत, मी स्वतः त्यांच्या बाजूचा आहे. पण ज्या मालाला घरातलं गिऱ्हाईक नाही त्याचा भाव कायम दुसऱ्याच्या हातात राहतो.

आता कुणी म्हणेल सोयाबीन हे आपलं खाणंच नाही. अर्धं खरं आहे. कुमाऊँमधे काळं सोयाबीन 'भट' म्हणून पिढ्यान् पिढ्या खातात, भटाची चुडकाणी हा तिथला रोजचा पदार्थ. नागालँडमधे अखुनी, मणिपूरमधे हवाइजार, मेघालयात तुंगरिंबाई, सिक्कीमात किनेमा, हे सगळे आंबवलेल्या सोयाबीनचे पदार्थ. म्हणजे देशाच्या डोंगराळ भागात हे खाणं जुनं आहे, आपल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात मात्र ते खाणं म्हणून आलंच नाही. आणि प्रयत्न झाला नव्हता असंही नाही. १९३५ साली वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींनी आश्रमातल्या लोकांच्या जेवणात सोयाबीन घालून बघितलं होतं आणि त्याबद्दल 'हरिजन'मधे लिहिलं होतं. त्या काळात बडोदा संस्थानही याचा प्रचार करत होतं. गरिबाला स्वस्तात प्रोटीन कुठून मिळेल हा तेव्हाचा प्रश्न होता. त्याच वर्धा जिल्ह्यात आज जिकडं बघावं तिकडं सोयाबीन आहे आणि सगळं पोत्यात भरून प्लांटला जातं.

साठच्या दशकात पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं हे पीक नव्यानं आणलं तेव्हाही डोक्यात प्रोटीनच होतं. डाळींचं उत्पादन वाढत नव्हतं, लोकसंख्या वाढत होती, म्हणून चाळीस टक्के प्रोटीनचं हे कडधान्य लोकांना खाऊ घालायचं असा विचार. तो फसला. डाळीसारखं शिजवलं तर शिजत नाही, कच्चट वास येतो, पोटाला जड. मग झालं काय की माळव्यातले शेतकरी पावसाळ्यात काळी जमीन पडीक ठेवायचे आणि रब्बीला गहू-हरभरा घ्यायचे, त्या पडीक जमिनीत सोयाबीन चपखल बसलं, नव्वद-शंभर दिवसांत निघतं, मागं रब्बी घेता येतं. १९७०-७१ ला देशात जेमतेम तीस हजार हेक्टर होतं. तेल काढणारे सॉल्व्हंट प्लांट उभे राहिले, तेल देशात आणि पेंड परदेशात असं गणित जमलं, १९८६ ला तेलबियांचं तंत्रज्ञान मिशन आलं आणि गाडी सुसाट सुटली. खाण्याचा विषय तिथंच मागं पडला. पुढं सगळं धोरण तेलाच्या खात्यातून चाललं, शेतकरी काय पिकवतो त्यापेक्षा तेल किती इम्पोर्ट करावं लागेल हाच हिशोब.

तेलाचं तरी काय झालं बघा. नव्वदच्या सुरुवातीला आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो. मग इम्पोर्ट खुलं झालं, स्वस्त पामतेल आलं, आणि आज वर्षाला साधारण दीडशे-एकशे साठ लाख टन खाद्यतेल बाहेरून येतं. त्यात अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयातेलसुद्धा आहे, वर्षाला तीस लाख टनांहून जास्त. ज्या तेलासाठी हे पीक वाढवलं त्या तेलात सोयाबीन तसं कमजोरच आहे, क्विंटलला अठरा किलो तेल निघतं, राहिलेली ऐंशी-ब्याऐंशी किलो पेंड. म्हणजे सोयाबीनचा खरा माल पेंड आहे, प्रोटीन आहे. आणि ते प्रोटीन आपण कोंबडीला आणि परदेशाला देतो.

या सगळ्यात आपल्याकडं जे गेलं त्याचा हिशोब कुणी मांडत नाही. मराठवाड्यात-विदर्भात नव्वदीच्या आधी खरिपाला ज्वारी असायची, मूग असायचा, उडीद असायचा, तूर असायचीच. मूग-उडीद पोळ्याच्या आसपास घरात यायचे, दिवाळीला डाळ घरची, कडबा बैलांना. मग सोयाबीनची जेएस-३३५ ही जात आली, गावाकडं नुसतं 'तीनशे पस्तीस' म्हणतात, बियाणं मिळायला सोपं, खर्च कमी, मळणी मशीननं दिवसात उरकते, पैसा दिवाळीच्या तोंडावर हातात. कुणी का नाही पेरणार? शेतकऱ्यानं बरोबरच केलं. पण झालं असं की पाच एकरवाल्याच्या घरात आधी स्वतःच्या शेतातली डाळ होती, आता त्याच घरात पाच एकर सोयाबीन विकून किराणा दुकानातून तूरडाळ विकत आणतात आणि शंभराच्या पुढं किलोचा रेट बघून ती पातळ करतात. शेतात चाळीस टक्के प्रोटीन उभं आहे आणि पोराच्या ताटात वरणाचं पाणी. याच्याइतकी वाईट गोष्ट या पिकाबद्दल दुसरी नाही. पोषणाचे सर्व्हे येतात, अंगणवाडीत वजनं घेतात, रक्त कमी, वजन कमी, आणि त्याच गावाच्या शिवारातून ट्रक भरून प्रोटीन निघून जातं.

देशपातळीवरही तीच गोष्ट. २०२४-२५ मधे आपण सत्तर लाख टनांच्या वर डाळी-कडधान्यं इम्पोर्ट केली, म्यानमारचा उडीद, आफ्रिकेची तूर, कॅनडा-रशियाचा पिवळा वाटाणा. पिवळ्या वाटाण्यावरची ड्युटी तर डिसेंबर २०२३ पासून शून्य केली होती. का, तर देशात डाळ कमी पडते. त्याच वर्षी सोयाबीनचं उत्पादन सरकारी आकड्यानं दीडशे लाख टनांच्या आसपास, आणि लातूरच्या मोंढ्यात हमीभाव ४८९२ असताना ४१००-४२०० नं सौदे. एका बाजूला प्रोटीन कमी पडतं म्हणून डॉलर मोजायचे आणि दुसऱ्या बाजूला प्रोटीनला गिऱ्हाईक नाही म्हणून शेतकऱ्याला मारायचं, दोन्ही एकाच देशात, एकाच सिझनला.

कोंबडीच्या भरवशावर राहिलं की काय होतं ते २०२१ ला सगळ्यांनी बघितलं. त्या वर्षी जुलै-ऑगस्टला भाव दहा हजारावर गेला, कधी नाही ते शेतकरी हसला, आणि ऑगस्टमधे सरकारनं बारा लाख टन जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची, पेंड इम्पोर्ट करायला परवानगी दिली कारण पोल्ट्रीला पेंड महाग पडत होती. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्मा. डिसेंबरला सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद. मी पोल्ट्रीवाल्यांना दोष देत नाही, तेही आपलेच लोक आहेत, गावोगावी पोरांनी कर्ज काढून शेड टाकलेत, पेंड महागली की तेही मरतात. आणि आता पोल्ट्रीला नवा पर्याय मिळालाय, मका-तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो, डीडीजीएस, पेंडेपेक्षा बराच स्वस्त. इथेनॉलचे कारखाने वाढतायत तसा हा चोथाही वाढतोय. म्हणजे जे एकमेव मोठं गिऱ्हाईक होतं तेही हळूहळू हात आखडता घेतंय. परदेशाचं सांगायचं तर ब्राझीलचा शेतकरी हेक्टरी तीन टनाच्या वर काढतो, आपण कसंबसं एक टन, त्याच्याशी रेटमधे टक्कर द्यायची म्हणजे आपलं कंबरडं मोडून घ्यायचं.

दुसऱ्या टोकाला इंडोनेशिया आहे. तिथं टेम्पे आणि टोफू रोजच्या जेवणात, गरिबाचं मुख्य प्रोटीन ते. पण बहुतेक सोयाबीन अमेरिकेतून येतं, म्हणून जानेवारी २००८ मधे दर भडकले तेव्हा टेम्पेवाले हजारोंच्या संख्येनं जकार्तात रस्त्यावर उतरले. तिथं खाणारे आहेत, पिकवणारे कमी. आपल्याकडं पिकवणारे सव्वा कोटी हेक्टरवर आणि खाणारे सोयावडीपुरते. ज्याच्याकडं शेत आहे त्याला खाणं लावणं सोपं की ज्याच्याकडं खाणं आहे त्याला शेत उभं करणं सोपं? आपलं काम त्यांच्यापेक्षा सोपं आहे, पण करायला घेतलं तर.

किती खावं लागेल, हे मी मांडून बघितलं. माणशी दिवसाला दहा ग्रॅम, म्हणजे साधारण एक टेबलस्पून दाणे, यापेक्षा जास्त नाही. वर्षाला माणशी ३.६५ किलो. एकशे चाळीस कोटी लोकांचे झाले एकावन्न लाख टन. आपल्या एकूण उत्पादनाचा तिसरा हिस्सा. एवढा माल जर खाण्याकडं वळला तर प्लांटला, पोल्ट्रीला, एक्सपोर्टला उरलेल्या मालासाठी भाव द्यावाच लागेल. आणि माणसाला त्यातून रोज चार ग्रॅम प्रोटीन जास्तीचं. पैशाचं बघा, २०२५-२६ चा हमीभाव ५३२८, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये, त्यात चारशे ग्रॅम प्रोटीन. तूरडाळीच्या किलोत सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास आणि दर दुपटीच्या वर. पनीरचं तर बोलूच नका. जिमला जाणारी शहरातली पोरं हजारो रुपयांचे डबे घेतात त्यातले काही डबे सोया प्रोटीनचेच असतात, तेही जाऊ द्या.

लोक खाणार नाहीत, चव नाही, हे मला पटत नाही. आमच्याकडं कितीतरी घरात दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन घालून दळतात. पण ते नीट करायला लागतं. रात्रभर भिजवायचं, सकाळी पाणी फेकून नव्या पाण्यात वीसेक मिनिटं चांगलं उकळायचं, परत ते पाणी काढून कडक उन्हात दोन दिवस खडखडीत वाळवायचं आणि मगच गव्हात मिसळायचं. उकळलं की ट्रिप्सिन इनहिबिटर म्हणून जो घटक पचनाला आडवा येतो तो मरतो आणि तो कच्चा वासही जातो. बायका हे सगळं शेतातलं काम सांभाळून करतात. घाईत कच्चंच दळलं की पोळीला वास येतो, पोरं नाकं मुरडतात, आणि गिरणीवाला वेगळा ओरडतो, कारण नुसतं सोयाबीन दळलं तर तेलानं जातं चिकट होतं, पीठ अडकतं, पुढच्या बाईचं दळण खराब होतं, म्हणून काही गिरणीवाले घ्यायलाच नको म्हणतात. चवीची अडचण म्हणतात ती खरी तर प्रोसेसिंगची अडचण आहे. तूर काय, आख्खी तूर घरात कोण शिजवून खातं रोज? दालमिल आहे म्हणून तूरडाळ आहे. सोयाबीनला ती मधली कडी कुणी दिलीच नाही.

आणि शास्त्रज्ञांनी त्यांचं काम केलेलं आहे. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं एनआरसी १२७ ही जात काढली, तिच्यात तो ट्रिप्सिन इनहिबिटरच नाही. नंतर एनआरसी १४२ आली, तिच्यात तो घटकही नाही आणि वास आणणारं एक एन्झाइमही काढून टाकलंय. पुण्याची आघारकर संशोधन संस्था वर्षानुवर्षं सोयाबीनच्या जाती देतेय. भोपाळला केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत १९८५ पासून सोया पदार्थांचं केंद्र आहे, दूध, पनीर, पीठ, सगळ्याचं ट्रेनिंग देतात. पण एनआरसी १४२ पेरणाऱ्या शेतकऱ्याला बाजारात एक रुपया जास्त मिळत नाही, प्लांटच्या काट्यावर ते आणि साधं सोयाबीन एकाच ढिगात पडतं, मग तो का पेरेल? खाण्याच्या जातीला खाण्याचं गिऱ्हाईक आणि वेगळा भाव पाहिजे, त्याशिवाय ती जात विद्यापीठाच्या प्लॉटमधेच राहणार.

तब्येतीची भीती हा दुसरा मुद्दा, आणि तो व्हॉट्सॲपवर फार जोरात फिरतो. सोया खाल्लं की पुरुषांचे हार्मोन बिघडतात म्हणे. अनेक अभ्यास एकत्र करून तपासलेत, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या सोयानं टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसलेला नाही. जपान, चीन, कोरिया पिढ्यान् पिढ्या खातायत. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यात काही तासांचं अंतर ठेवावं, गोळी नीट शोषली जात नाही, हे डॉक्टरला विचारून करावं. काही जणांना ॲलर्जी असते, त्यांनी खाऊ नये. एवढी काळजी पुरेशी आहे.

आता सरकारनं काय करावं. शाळेपासून सुरू करा असं सगळे म्हणतात, आणि आपल्या शालेय पोषण आहारात सोयाबीन पुलाव आलेलाही आहे, चांगलं झालं. पण हिशोब केला तर एक कोटी पोरांना रोज दहा ग्रॅम, वर्षाचे दोनशे दिवस, तरी वीस हजार टनच होतात. पन्नास लाख हेक्टरच्या मालापुढं हे काहीच नाही, यानं मोंढ्यातला रेट पाच रुपयानंही हलणार नाही. शाळेचा फायदा वेगळा, तिथं जिभेला सवय लागते, म्हणून ते चालू ठेवा आणि चांगलं शिजवा, पण भावासाठी रेशनच पाहिजे.

२०२४-२५ ला नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या संस्थांनी हमीभावानं जवळपास वीस लाख टन सोयाबीन घेतलं, त्यातलं निम्म्याहून जास्त महाराष्ट्रातलं. त्यासाठी शेतकरी रांगेत उभे राहिले, बारदाना नाही म्हणून केंद्रं बंद पडली, बारा टक्के ओलाव्याची अट नोव्हेंबरमधे पंधरा करावी लागली, सगळं सोसलं. आणि मग तो माल गेला कुठं, तर लिलावात, परत त्याच प्लांटवाल्यांकडं, हमीभावापेक्षा कमी दरानं. सरकारी स्टॉक बाजारात येणार ही नुसती बातमी आली तरी रेट दबतो, म्हणजे सरकारनं जनतेचे पैसे घालून घेतलेला माल पुढच्या वर्षीच्या शेतकऱ्याच्याच डोक्यावर आपटतो. त्या वीस लाख टन सोयाबीनमधलं तेल काढून घेतलं असतं तर साडेतीन लाख टन तेल देशात आलं असतं आणि सोळा लाख टन पेंड उरली असती. फूड ग्रेड, म्हणजे माणसाला खाण्याजोगी स्वच्छ, काढली तर तीच पेंड माणसाच्या खाण्याची, वडी करा, पीठ करा, पन्नास टक्के प्रोटीन, तेल काढलेलं असल्यानं खवट होत नाही, महिनोन् महिने टिकते. देशात वीस कोटींच्या आसपास रेशनकार्डं अन्नसुरक्षेत आहेत. सोळा लाख टन वाटले तर कार्डामागं वर्षाला आठ किलो, महिन्याला अर्धा-पाऊण किलो वडी किंवा पीठ. यात नवीन खरेदी नाही, नवीन शेत नाही, जो माल सरकारच्या गोडाऊनला पडूनच होता तोच.

फूड ग्रेड लाईन, वडी पाडायची मशीनं (एक्स्ट्रूडर), हे एका वर्षात एवढ्या मोठ्या प्रमाणात उभं राहणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणून आधी दोन जिल्हे घ्या. लातूर आणि वाशिम घ्या. लातूरला तुरीच्या दालमिल भरपूर आहेत, तेलाचे प्लांट आहेत, पिढ्यान् पिढ्याचे कारागीर आहेत, सोलणं, वाफवणं, वाळवणं हे काम तिथं शिकवायला लागणार नाही. शेतकरी कंपन्यांशी एनआरसी १४२ सारख्या जातीचा करार करा, पेरणीच्या आधीच हमीभावाच्या वर दोनशे-तीनशे रुपये लिहून द्या, माल वेगळ्या पोत्यात, वेगळ्या काट्यावर. जीएम सोयाबीन आपल्याकडं पेरतच नाहीत, म्हणजे खाण्याचा माल म्हणून जगात दाखवायलाही आपल्याकडं काहीतरी आहे. बचत गटांना पीठ-वडी-पॅकिंगचं काम द्या, पण कागदावरचं नको, दर महिन्याला रेशनचं पक्कं उचल असलेलं द्या, नाहीतर प्रदर्शनात स्टॉल लावून चार पाकिटं विकायची आणि मशीनवर धूळ बसू द्यायची हे आजवर पुष्कळ झालं. आणि हे पेरणीच्या आधी, मे महिन्यात जाहीर झालं पाहिजे, कारण ऑक्टोबरमधे खरेदी केंद्राच्या दारात ट्रॅक्टर लागल्यावर शेतकऱ्याच्या हातात जात बदलायला काहीच राहत नाही.